अर्धा एकर तितर

गवत कापायचं की ठेवायचं, एवढाच प्रश्न होता. बाकीचं सगळं त्यातून निघालं.

आमचं शेत सुलतानपूरच्या अलीकडे, नाल्याला लागून. सहा एकर. कागदावर नाव माझं, पण शेत रुख्मिणीचं. ती माझी बायको. मी तीस वर्षं नांदुऱ्याला एका कापसाच्या जिनात मापारी होतो. ती इकडे कापूस पिकवायची, मी तिकडे लोकांचा कापूस मोजायचो, आणि महिन्यातून दोनदा मोटार वेळेवर आली तर आमची भेट व्हायची. पौषात ती गेली. तीन दिवस ताप आला, चौथ्या दिवशी मला तार आली. मी नोकरी सोडून गावी आलो आणि शेताचा मालक झालो. शेतातलं मला एवढंच येत होतं की छत्री उघडून बांधावर उभं राहायचं. ते मी नीट करत होतो.

आषाढात पेरण्या झाल्या. आमचा सालदार कडूबा याने सगळं बघितलं. तो रुख्मिणीच्या हाताखाली बारा-तेरा वर्षं होता. मला तो मालक म्हणायचा, पण म्हणण्याआधी जरा थांबायचा. एके दिवशी मी छत्री घेऊन नाल्याच्या टोकापर्यंत गेलो, तेव्हा दिसलं की तिथला अर्धा एकर तुकडा नांगरलेलाच नाही. नुसतं गवत. मध्ये दोन बोरी, एक हिवर, आणि कडेला तरोट्याचं रान.

मी कडूबाला विचारलं, हे असं का?

"बाई म्हने, राहू दे," कडूबा म्हणाला.

"कधीपासून?"

"झाले असतीन धा-बारा सालं."

"पण कशासाठी?"

"ते मले काय मालूम मालक. बाई म्हने राहू दे, म्या राहू देलं."

आता रुख्मिणी कशी होती ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. कपाशी वेचताना एक बोंड झाडाला राहिलं तर ती परत फिरायची. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, हातभर जागा दिसली की तिथे भेंडी. घरात फुटक्या माठातही तिने कोथिंबीर लावली होती. अशा बाईने अर्धा एकर काळी जमीन दहा-बारा वर्षं गवताला दिली, आणि त्याबद्दल मला एक शब्द सांगितला नाही. का? मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. दुःखाने जात नव्हतंच, त्या दिवशी कुतूहलाने गेलं नाही.

मी ठरवलं की यंदा हा तुकडा असाच ठेवायचा, आणि तिने तो कशासाठी ठेवला होता ते शोधून काढायचं. ते कळेपर्यंत त्याला विळा लागू द्यायचा नाही. माणूस गेल्यावर त्याला विचारता येत नाही, पण गवत तर समोर होतं.

गावाला हे कळायला एक दिवस लागला. प्रत्येकाकडे उत्तर तयार होतं. किराणा दुकानात शालिग्रामने सांगितलं की बाईंनी तिथे डाग-दागिना पुरला असणार. मला माहीत होतं की तिच्याकडचा सगळा डाग पोरीच्या लग्नात गेला. कोणी सांगितलं की तिथे आसरा, पाण्यातल्या देवता, आहेत, नाल्याकाठी असतातच, म्हणून बाई हात लावत नव्हत्या. दुसऱ्या दिवशी बोरीखाली कोणीतरी कुंकू वाहून लिंबू ठेवून गेलं. आमचे शेजारी शेषराव यांनी मात्र उत्तर दिलं नाही, सल्ला दिला.

शेषराव हे प्रगतशील शेतकरी. गावात पहिली हायब्रीड ज्वारी त्यांनी पेरली, आणि तेव्हापासून ते साध्या ज्वारीच्या माणसाशी जरा वरूनच बोलतात. त्यांचा धुरा माझ्या गवताला लागून.

"नारायणराव, तुमी जिनात व्हते तेच बरं व्हतं," ते म्हणाले. "तुमच्या गवताचं बी उडून माह्या वावरात येईन. त्यात उंदरं होतीन, डुकरं बसतीन. नांगर घाला आन् हायब्रीड टाका. बियानं मी देतो."

मी म्हणालो, आमच्या घरातून 'राहू दे' असं सांगणं आहे.

यावर माणूस काय बोलणार? मेलेल्या बाईचा शब्द मोडा असं कोणी तोंडावर म्हणत नाही. शेषराव निघाले ते थेट पटवाऱ्याला सांगून आले.

मी रोज सकाळी तिथे जाऊन बसू लागलो. घरून एक पाट न्यायचो, छत्री न्यायचो. पहिले आठ दिवस काही दिसलं नाही. दिसली ती कुसळं. जाता-येता धोतराला शेकडो कुसळं लागायची, आणि संध्याकाळी ओट्यावर बसून ती एकेक काढायचं काम मला मिळालं. काम नसलेल्या माणसाला ते बरं असतं. नवव्या दिवशी गवतातून आवाज आला. मोठा, एका दमात, कोणीतरी चिडून विचारावं तसा: किती तर, किती तर, किती तर.

तीस वर्षं मला लोक हाच प्रश्न विचारत होते. मी उठून उभा राहिलो.

कडूबा म्हणाला, तितर आहे. नेहमीच ओरडते. मग बाईंनी तितरासाठी ठेवलं असेल का, असं मी विचारल्यावर त्याने माझ्याकडे नीट बघितलं आणि असं काय, असंन, म्हणाला. कडूबा कोणाचं मन मोडत नाही. काम मोडतो, मन नाही.

मला पटलं. रुख्मिणी पहाटे शेतात यायची, एकटी असायची, तितर बोलायचं. ठेवलं असेल तिने. पण खात्री हवी होती. मापारी माणूस नुसता डोळ्याने अंदाज घेत नाही, काटा लावतो. मी ठरवलं की तितर इथेच राहतं का, घरटं करतं का, हे बघायचं. घरटं दिसलं म्हणजे काटा बसला.

श्रावण लागेपर्यंत गवत कमरेएवढं झालं आणि तरोटा छातीएवढा. आणि तितराचा आवाज बंद झाला. मी चार दिवस पाटावर बसलो, काही नाही. पाचव्या दिवशी तेच तितर शेषरावांच्या धुऱ्यावर उघड्यावर फिरताना दिसलं. आमचा अर्धा एकर सोडून ते हायब्रीडच्या बाजूला गेलं होतं. हा अपमान मी कोणाला सांगितला नाही.

मग मी विचार केला. तितर उडण्यापेक्षा पळतं जास्त. एवढ्या दाट रानात ते पळेल कुठून? त्याला लपायला गवत हवं आणि चालायला वाट हवी. तरोट्याखाली तर गवतच मरत होतं. म्हणून मी गवतात हातभर रुंदीच्या तीन वाटा काढायला सांगितल्या, केसांत भांग पाडावा तशा, आणि सगळा तरोटा उपटायचं ठरवलं.

तरोटा उपटायला शालूबाईला बोलावलं. शालूबाई निंदणाच्या, म्हणजे तण काढणाऱ्या, बायकांची म्होरकी. रुख्मिणीची मैत्रीण, मला भाऊजी म्हणायची. ती आठ बायका घेऊन आली, कपाशीकडे वळली. मी म्हणालो, कपाशी नाही, ते पडीक निंदायचंय. बायका हसत नव्हत्या, हे जास्त वाईट होतं. शालूबाईने पदर तोंडाला लावला आणि कामाला लागली. पडीक जमीन निंदून घेणारा मी त्या भागातला पहिलाच माणूस असावा. संध्याकाळपर्यंत गावात ठरलं की बाई गेल्यापासून नारायणरावांचं थोडं सरकलंय, पण त्रास देत नाहीत.

आणि तितर परत आलं. तिसऱ्या दिवशी, मधल्या भांगातून, मान वर काढून, जागा बघायला आलेल्या भाडेकऱ्यासारखं. मागे दुसरं होतं.

इकडे पटवारी आले. महादेवराव पटवारी म्हणजे सरळ माणूस. सरकारने त्यांना तलाठी केलं तरी गाव पटवारीच म्हणतं. पिकं बघायला आले होते, शेषरावांची कुरबुर मनात होती. त्यांनी वही उघडली आणि विचारलं, या तुकड्यात काय लिहू? पडीत लिहिलं तर वरून विचारतील की काळी जमीन पडीत का. गवत लिहिलं तर विचारतील की गुरं किती. मला त्यांना अडचणीत टाकायचं नव्हतं. मी खरं ते सांगितलं, इथे तितर आहेत.

"बरं," महादेवराव म्हणाले, आणि शेऱ्याच्या रकान्यात 'तितर' असं लिहिलं.

पंधरा दिवसांनी तालुक्याच्या कचेरीतून मला कागद आला. आपण सदर क्षेत्राच्या शेऱ्यात 'इतर' असे नमूद केले आहे. इतर म्हणजे काय, याचा खुलासा सात दिवसांत करावा.

महादेवरावांचं अक्षर तसं होतं खरं. मी चांगला कोरा कागद घेतला आणि उत्तर लिहिलं: 'इतर म्हणजे तितर.' माझं अक्षर महादेवरावांपेक्षा बरं आहे असा माझा समज होता. परत कागद आला: इतर म्हणजे इतर, हा खुलासा समाधानकारक नाही.

तीस वर्षांत माझ्या मापाबद्दल कोणी शंका घेतली नव्हती, आणि इथे अक्षरावरून मी लबाड ठरत होतो. मी रागाने टाक बुडवून, एकेक अक्षर हरभऱ्याएवढं काढून लिहिलं: 'तितर. पक्षी.'

हे मात्र त्यांना वाचता आलं. पहिला शब्द नाही, दुसरा.

आठ दिवसांनी जीपगाडी आली. त्यातून कोंबड्यांचे साहेब उतरले. त्यांचं खरं नाव आणि हुद्दा मोठा होता, पण गावाने त्यांना लगेच हे नाव दिलं. तरुण होते, आनंदात होते. त्यांनी माझा हात हातात घेतला. पूर्ण भागात एकही शेतकरी कुक्कुटपालनाला तयार होत नव्हता, आणि मी स्वतः होऊन अर्धा एकर जमीन पक्ष्यांसाठी राखून ठेवली आणि दोनदोनदा लेखी कळवलं. मी म्हणालो, साहेब, तितर. ते म्हणाले, सुरुवात कशानेही होऊ द्या. गाडीच्या मागून दोन खुराडी उतरली. बारा पांढऱ्या विलायती कोंबड्या. मी सही केली. का केली? समोरचा माणूस इतका खूश होता की नाही म्हणणं जमलं नाही. घरात आठ महिने कोणी खूश झालेलं नव्हतं.

त्या कोंबड्यांना मी रात्री खुराड्यात आणि दिवसा वाड्याच्या अंगणात ठेवणार होतो. कडूबाने त्या पहिल्याच सकाळी शेतात नेऊन सोडल्या. साहेबांनीच नाही का सांगितलं, म्हणाला, जमीन पक्ष्यायसाठी हाये. बाराही गवतात शिरल्या. पांढरा रंग असूनही त्या त्यात कशा हरवल्या हे मला आजही कळलेलं नाही. त्यातल्या पाच आम्हाला त्या दिवशी मिळाल्या. दोन मुंगसाने नेल्या, हे पिसांवरून कळलं. बाकीच्या आत राहून अंडी घालू लागल्या, आणि शेषरावांच्या ज्वारीत चरू लागल्या. शेषराव रोज सकाळी धुऱ्यावर उभे राहून मला त्यांच्या ज्वारीची तब्येत सांगायचे.

साहेबांचा निरोप होता की अंड्यांचा आकडा कळवा. म्हणून एके सकाळी मी धोतर वर खोचून, हातापायांवर, गवतात शिरलो. साठीला आलेला माणूस, नांदुऱ्याला ज्याला मापारीसाहेब म्हणत, तो गवतातून रांगत अंडी शोधत होता. बांधावर शालूबाईच्या बायका उभ्या होत्या. आता मात्र त्या हसत होत्या.

दुसऱ्या बोरीच्या बुडाशी माझ्या तोंडासमोरून, एका हाताच्या अंतरावरून, काहीतरी फडफडत निघालं. मी मागे बसलो. समोर जमिनीला थोडासा खळगा, त्यात वाळलेलं गवत, आणि सहा अंडी. कोंबडीची नव्हती. लहान, फिकट, साईच्या रंगाची. मी एक उचलून तळहातावर तोललं. दोन तोळ्याला किंचित कमी. गरम होतं. मी ते होतं तसं ठेवलं आणि उलटा रांगत बाहेर आलो.

काटा बसला. रुख्मिणीने हे बघितलं असणार. एकदा विळा घेऊन आली असेल, समोर अशीच अंडी दिसली असतील, आणि म्हणाली असेल, राहू दे. मला न सांगण्याचं कारणही कळलं. मी महिन्यातून दोनदा यायचो, आणि आल्यावर जिनातलंच बोलायचो.

त्यानंतर मी त्या तुकड्यावर कोणाला फिरकू दिलं नाही. काटेरी बोराट्यांचं कुंपण घातलं. उरलेल्या कोंबड्या धरून, कुठे किती मिळाल्या ते विचारू नका, घरच्या अंगणात आणल्या. पाटावर बसून मी दुरून बघायचो. अठरा-वीस दिवसांनी तितरीण खळग्यावर नव्हती. नुसती टरफलं. पिल्लं जन्मल्या दिवसापासून चालतात असं कडूबा म्हणाला. पण ती दिसत नव्हती. किती निघाली? किती जगली? कधी उडतात? मला हे प्रश्न कोणी विचारले नव्हते, तरी उत्तर देणं लागत असल्यासारखं वाटायचं. सकाळी जाग आली की पहिला विचार हा यायचा, आणि हा पहिला आला याचं मला नंतर बरं वाटायचं.

दसरा झाला आणि निरोप आला की कोंबड्यांच्या साहेबांचे मोठे साहेब गुरुवारी आदर्श कुक्कुटपालन बघायला येणार. तरुण साहेब आदल्या दिवशीच पळत आले. त्यांचा आनंद राहिला नव्हता. ते म्हणाले, कोंबड्या कमी आहेत ते मी सांभाळतो, पण हे रान बघून साहेब काय म्हणतील? जागा स्वच्छ पाहिजे. आजच कापून टाका.

ही गोष्ट गावाला आवडली. शेषरावांनी त्यांचे दोन गडी देऊ केले. शालूबाई बायका घेऊन आली. कडूबा, जो कधी वेळेवर येत नाही, तो विळा पाजळून सगळ्यांच्या आधी हजर. मी कुंपणासमोर उभा राहिलो. छत्री मिटलेली होती.

मी म्हणालो की कापता येणार नाही. आत तितराची पिल्लं आहेत, अजून उडत नाहीत. तरुण साहेब म्हणाले, काका, तितर सरकारी नाहीत. मग मी माझं शेवटचं काढलं. म्हणालो, हे मी माझ्या मनाने ठेवलेलं नाही. घरातून सांगणं आहे. बारा वर्षं तिने याला विळा लावू दिला नाही. तिने राहू दे म्हटलं होतं.

सगळे खाली बघू लागले. शेषरावांनीही टोपी काढून परत घातली. आणि शालूबाई म्हणाली,

"कोन म्हने, रुख्माक्का?"

"हो. कडूबाला सांगितलं होतं."

शालूबाई कडूबाकडे बघत राहिली. कडूबा विळ्याची धार बघू लागला.

"भाऊजी, अक्का तं दर सालले याच्या मांगं लागे," ती म्हणाली. "कडूबा, ते गवत काप, तिथं तीळ टाकू. हा म्हने, आज कंबर धरली. मंग म्हने, इळा बोथट झाला. मंग म्हने, तिथं नाग हाये. बारा साल आयकलं म्या. शेवटी ते कटायून म्हने..." आणि तिने कपाळाला हात लावून, मान बाजूला टाकून, रुख्मिणीच्या आवाजात म्हटलं, "राहू दे बाप्पा."

बांधावरच्या बायकांनी माना हलवल्या. सगळ्यांनी ते ऐकलेलं होतं.

"मंग?" कडूबा म्हणाला. "राहू दे म्हने का नाई म्हने?"

म्हणाली होती. मापारी म्हणून सांगतो, कडूबाने तोलात काही मारलं नव्हतं. फक्त एक 'बाप्पा' कमी घातला होता.

तो बाप्पा मला ओळखीचा होता. शनिवारी येतो म्हणून निरोप द्यायचा आणि सोमवारी पोचायचं, की तो दारातच असायचा. यंदा विहिरीचं बघतो, यंदा माळवद लिंपून घेतो, असं मी सांगायचो, ती ऐकून घ्यायची आणि मान बाजूला टाकून तेवढंच म्हणायची. त्याचा अर्थ असू दे असा कधीच नव्हता. त्याचा अर्थ, तुमच्याकडून होणार नाही, असा होता. तो मी तीस वर्षं ऐकला, आणि कडूबाच्या तोंडून गळला तर ओळखलं नाही.

मी शालूबाईला विचारलं की हे तू आषाढातच का नाही सांगितलंस.

"मले कोनं इचारलं?" ती म्हणाली.

खरं होतं. मी शेषरावांना विचारलं, कडूबाला विचारलं, तितराला विचारलं. तिच्या मैत्रिणीला विचारलं नाही.

तर तिथे तीळ व्हायला हवे होते. रुख्मिणीला हे गवत बारा वर्षं डोळ्यात खुपत होतं, आणि मी तिच्या नावाने ते राखलं, निंदलं, कुंपण घातलं, दोन वेळा सरकारला लिहिलं. आता कोणाला काही अडचण उरली नव्हती. तरुण साहेबांनी घड्याळ बघितलं. शेषराव हळू आवाजात म्हणाले, आज त्यांच्या आवाजात हायब्रीड नव्हती, "चाला नारायणराव. आता तं वैनीचीच इच्छा हाये."

कडूबाने कुंपणाची पहिली बोराटी ओढली.

"ठेव," मी म्हणालो.

"काऊन मालक? बाईनं तं..."

"बाईनं नाही. मी सांगतो. ती पिल्लं उडतात कवा, ते मले पाहाचं हाये."

गावात मी नांदुऱ्यासारखं जरा शुद्ध बोलायचो. ते त्या दिवशी सुटलं. कडूबाने बोराटी परत जागेवर ठेवली, आणि पहिल्यांदाच न थांबता म्हणाला, "बरं मालक."

तरुण साहेब डोक्याला हात लावून धुऱ्यावर बसले. दुसरं काही करण्यासारखं नसल्यामुळे आम्हीही बसलो. दुसऱ्या दिवशी मोठे साहेब आले तेव्हाही आम्ही तिथेच होतो, कारण सकाळपासून तितरीण जवळच कुरकुर करत होती. मी पाटावर, शेषराव शेजारी उकिडवे, मागे शालूबाई आणि बायका.  जीप थांबल्याचा आवाज आला तेव्हा शेषरावांनी मागे न बघता हात वर करून तिला गप्प केलं. मोठे साहेब जाड होते, चालत आले, काय आहे म्हणून विचारणार होते, तेवढ्यात शालूबाईने त्यांना खाली बसायची खूण केली. आणि ते बसले. कोट वर धरून, आमच्यासारखेच उकिडवे.

मधल्या भांगातून तितरीण बाहेर आली. थांबली. मग तिच्या मागून भुरक्या मुठीएवढी पिल्लं एका ओळीत पळत निघाली, आणि भांग संपला तिथे भुर्रर्र करून उडाली. गुडघाभर उंच, चार हात लांब, आणि पलीकडे गवतात धप्पकन पडली. सगळं मिळून डोळा लवेपर्यंत झालं.

 मग मोठ्या साहेबांनी दबक्या आवाजात विचारलं, "किती होती?"

शेषराव म्हणाले पाच. शालूबाई म्हणाली सात, एक मागून गेलं ते तुम्हाला दिसलंच नाही. मी म्हणालो सहा, अंडी मी स्वतः मोजलेली आहेत. यावरून तिथे जी वादावादी सुरू झाली ती साहेब गेले तरी चालू होती. कोंबड्यांबद्दल त्यांनी विचारल्याचं कोणाला आठवत नाही.

मी घरी निघालो तेव्हा ऊन उतरलं होतं. वाटेत माझ्या लक्षात आलं की मी मनात बोलतोय. रुख्मिणी म्हणत होती, अर्धा एकर काळी जमीन घातली, तीळ घालवले, बाया लावून पडीक निंदलं, आन् निघाले किती? सहा? मी म्हणत होतो, तू ते उडताना बघितलं नाहीस. ती म्हणत होती, तीळ काय भाव आहे माहीत आहे का. मी म्हणत होतो, पुढच्या वर्षी पलीकडच्या धुऱ्यावर टाकू तीळ, तितराला तेही चालतात. पौषापासून आमचं एकदाही बिनसलं नव्हतं. घर येईपर्यंत आम्ही भांडत होतो, आणि या वेळी माझी बाजू बरी होती.